सहा बर्नरची शेगडी

डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला फसवलं. आमच्याच टेबलाशी बसून, आमच्याच घरचा चहा पीत फसवलं, आणि ते फसवत होते त्या सगळ्या काळात मी त्यांच्या म्हातारपणासाठी शेगडी शोधत हिंडत होतो.

हे आधीच लिहून टाकलेलं बरं, कारण अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनच्या मराठी मंडळींत ही गोष्ट उलटी सांगतात. मी तापट, मी हेकट, माझ्याबरोबर एका छपराखाली कोण राहील, असं म्हणतात. तापट मी आहेच. आयटीआय करून टर्नर झालो, इथं येऊन दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो, मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं, आणि सांगितलेल्या किमतीला आयुष्यात कधी काही विकत घेतलं नाही. अशा माणसाचा आवाज चढतोच. पण दिलेला शब्द मी कधी फिरवला नाही.

कल्पना माझी नव्हती, डॉक्टरांची होती. ओहायोतलं डब्लिन हे कोलंबस शहराला चिकटलेलं गाव. तिथं आमची तीन घरं दर रविवारी एकत्र जेवायची: डॉक्टर आणि वहिनी, इंजिनियर आणि त्यांची बायको, आणि आम्ही. तिन्ही घरांतली मुलं शिकून लांब गेलेली. २००१ सालचा हिवाळा होता. न्यूयॉर्कचे टॉवर पाडल्यापासून सगळेच जरा धास्तावलेले होते, दुकानात लोक आपल्याकडे दोनदा बघतात असं वाटायचं, आणि रविवारची जेवणं नेहमीपेक्षा लांबायला लागली होती. अशाच एका रविवारी डॉक्टर वृद्धाश्रमातला कुणी पेशंट बघून थेट आमच्याकडे जेवायला आले. पानावर बसले आणि म्हणाले,

"आपल्या वाट्याला शेवटी काय येणार आहे माहिती आहे? मी रोज बघतो. प्लॅस्टिकच्या ताटलीत जेली आणि उकडलेले वाटाणे. त्या नर्सला आमटी म्हणजे काय ते कोण सांगणार?"

 मग तेच म्हणाले, "गावाबाहेर एक मोठं घर घेऊ या. सहा जण राहू. एकच स्वयंपाकघर. कुणाचे गुडघे गेले तर दुसऱ्यानं कुकर लावायचा."

माझी बायको हातात वाढपाचा डाव धरून तशीच उभी राहिली. ती हायवेवर गाडी चालवत नाही. इंग्रजी तिला कळतं, पण बोलताना ती वाक्य अर्ध्यात सोडते. तिला बोलायला आणि वाढायला माणूस लागतं, बाकी काही लागत नाही. मुलगा नोकरीला लांब गेल्यापासून ती दिवसभर त्या रविवारची वाट बघायची. डॉक्टरांचं बोलणं ऐकून तिनं मला हळूच विचारलं, "खरंच का हो?"

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतायत म्हणजे खरंच."

कामं वाटून घेतली. इंजिनियरांनी नकाशे बघायचे, डॉक्टरांनी म्हातारपणाच्या सोयी सांगायच्या आणि घासाघीस मी करायची. डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावर मी घर शोधलं. भोवती मका आणि सोयाबीन, पुढं वीज-मोटार न वापरणाऱ्या अमिश पंथाच्या लोकांची शेतं, घोडागाड्यांची वाट. घर जुनं पण दणकट, खाली तीन मोठ्या खोल्या, म्हणजे जिना चढायला नको. सगळ्यांनी येऊन पाहिलं. वहिनींनी आपली खोली निवडली, खिडकीखाली देव कुठं बसवायचे ते हातानं मापून बघितलं. डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कारखानदार, तुम्ही पुढं व्हा. आम्ही मागोमाग येतोच. नावं नंतर चढवू." ते मला कारखानदार म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा असायची, पण मला ती आवडायची.

मी डब्लिनचं घर विकलं आणि पुढं झालो. पैशाचं मी इथं काढत नाही. घर माझ्या नावावर आहे, ते मी राजीखुशीनं घेतलं.

उरलं स्वयंपाकघर. आधीच्या मालकाची विजेची शेगडी होती, तिच्या निम्म्या कॉइल मेलेल्या. गावाकडे गॅसची लाइन येत नाही. तेव्हा पर्याय तीनच: वीज, नाहीतर अंगणात मोठी टाकी ठेवून प्रोपेन गॅस, नाहीतर सरपण. मी म्हटलं असतं तर एका शनिवारात निकाल लागला असता. पण सहा जणांचं स्वयंपाकघर, म्हणून निर्णय सहा जणांचा. डॉक्टर म्हणाले, "घाईनं नको. आपल्याला यावर मरेपर्यंत शिजवायचंय." रविवारच्या जेवणानंतर बैठक बसायला लागली. इंजिनियर मुद्दे मांडायचे, डॉक्टर त्यांवर शंका काढायचे, आणि मी पुढच्या आठवड्यात शंका निस्तरून यायचो.

आधी वीज. डॉक्टर म्हणाले, "बर्फानं तारा तुटल्या की वीज जाते. तेव्हा काय थंड दूध पिऊन बसायचं?" मी एका बंद पडलेल्या डेअरीतून जनरेटर आणला. पुढच्या रविवारी डॉक्टर म्हणाले, "त्या कॉइलवर भाकरी फुगत नाही हो." हे खरं होतं. माझी बायको हसून म्हणाली, "पंचवीस वर्षं न फुगलेलीच खाताय की भावजी." सगळे हसले, आणि वीज बाद झाली.

मग सरपण. अमिश लोक लाकडावर चालणाऱ्या लोखंडी शेगड्या विकतात. मी गेलो. दाढीवाल्या दुकानदारानं भाव सांगितला आणि पुढं तोंडच उघडलं नाही. मी त्याच्यापुढं एकटाच घासाघीस करत राहिलो, भाव पाडला, परत वर नेला, परत पाडला, आणि तो दुकान झाडत राहिला. असा गप्प माणूस मला धंद्यात दुसरा भेटला नाही. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, जेवणारे किती? मी अभिमानानं सांगितलं, सहा. डॉक्टरांना शेगडीचा फोटो दाखवला तर म्हणाले, "धूर? हिला दमा आहे, विसरलात का?" वहिनींना दमा होता हे खरंच, पण तोवर त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

राहिला प्रोपेन. त्यावर तर डॉक्टरांनी वर्ष काढलं. टाकी घराजवळ नको, भडका उडेल. मी टाकी कोठाराच्या पलीकडे ठेवायचं ठरवलं, आणि नळी मातीच्या गोठणाऱ्या थराखाली पुरायला चर स्वतः खणला. गॅसचा ट्रक बर्फात वर येणार नाही. मी वाटेवर खडी टाकून घेतली. विसरभोळेपणात बर्नर चालू राहील. मी गळतीचा भोंगा बसवला, भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. ओव्हन गॅसचा नको, उष्णता सारखी लागत नाही. बरं, मग वर गॅस आणि खाली विजेचा ओव्हन अशी शेगडी शोधतो. एक शंका काढली की दुसरी तयार असायची. मला वाटायचं, माणूस शिकलेला आहे, लांबचं बघतो.

बायकोला तसं वाटत नव्हतं. एकदा मी चर खणून चिखलानं भरून आलो तर ती दारात उभी होती. म्हणाली, "अहो, भावजींना शेगडी नकोशी नाहीये. त्यांना दुसरंच काहीतरी सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"ते मला काय माहीत. पण ज्याला यायचं असतं तो आधी पडद्यांचं बोलतो. वहिनी पडद्यांचं कधीच बोलत नाहीत."

मी तिच्यावर ओरडलो. पडद्यांवरून माणसाची पारख करतेस का, असं काहीतरी म्हणालो.

शेगडी शेवटी कोलंबसच्या एका शोरूममध्ये सापडली. सहा बर्नर, जाड बिडाच्या जाळ्या, खाली विजेचा ओव्हन, आणि बाजूला एक लांब ओरखडा. दुकानात नुसती दाखवायला ठेवलेली. ओरखडा भिंतीकडे जाणार होता, पण ते विकणाऱ्याला कशाला सांगायचं? इतके शनिवार गेलो की तो पोरगा मला बघून फ्रिजच्या रांगेमागं जायला लागला. अखेर मॅनेजर आला आणि म्हणाला, घेऊन जा, पण परत येऊ नका. प्रोपेनवर चालवायला प्रत्येक बर्नरचे जेट, गॅस सोडणारी बारीक भोकं असतात ते, बदलावे लागतात, ते मी स्वतः बदलले. पहिल्यांदा पेटवली तेव्हा सहाही ज्योती निळ्या आणि एकसारख्या उठल्या. बायकोनं दिवे घालवून त्यांच्याकडे बघितलं.

२००४ च्या वसंतात आम्ही सगळ्यांना बोलावलं. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवतात, घरच्या लक्ष्मीनं. बायकोनं तीन पातेली काढली. ती म्हणाली, "घर तिघींचं आहे, तर तिघींनी घालवायचं." शेगडीला हळदीकुंकू लावलं. इंजिनियरांची बायको लाजत पुढं आली. वहिनी मागं उभ्या होत्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "जा ना, लाव गॅस." मग त्या पुढं आल्या, पातेलं ठेवलं, दूध वर येऊन जाळीवर सांडलं, त्यांनी हात जोडले. जळक्या दुधाचा वास घरभर पसरला. माझ्या बायकोनं तिघींची ओटी भरली. जेवायला पुरणपोळ्या होत्या, चार तव्यांवर एकदम. डॉक्टरांनी पोळी दुमडत सांगितलं, "कारखानदार, शेगडी मानली बुवा. आता काही शंका नाही." मला वाटलं, झालं काम.

पहिले गळाले ते इंजिनियर. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला त्यांच्या मुलीला जुळी झाली. दोघं मुद्दाम गाडी काढून आमच्याकडे आले, सोफ्याच्या कडेवर बसले, आणि इंजिनियर म्हणाले, "आम्ही येत नाही. नातवंडं आहेत. तुमचा शब्द मोडतोय, शिव्या द्या." त्यांची बायको माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी शिव्या दिल्याही, दारापर्यंत देत गेलो. पण त्यांच्याबद्दल माझ्या मनात आज काही नाही. त्यांनी समोर बसून सांगितलं.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारलं, तुमचं कधी? ते म्हणाले, प्रॅक्टिस आवरली की. मग म्हणाले, वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की. मग त्यांनी विचारलं, "त्या गॅस कंपनीचा भरवसा आहे का हो? हिवाळ्यात टाकी संपली तर?" मी कंपनीत जाऊन, भांडून, टाकी उतरली की न मागता भरून जाण्याची सोय करून आलो.

२००६ च्या संक्रांतीला वहिनींकडे हळदीकुंकू होतं. बायका वर, आम्ही पुरुष तळघरात टीव्हीपुढं. परत निघालो तेव्हा दुपार कलली होती, दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याचे बुडखे बर्फातून वर आलेले.  बायकोच्या मांडीवर वाणाची वाटी होती. मग म्हणाली,

"वहिनींनी फोटो दाखवले."

"कसले?"

"पुण्याच्या फ्लॅटचे. ताबा मिळालाय."

"कुणाचा फ्लॅट?"

"त्यांचा. ओटा छान आहे. काळा ग्रॅनाइट. गॅस पाइपनं येतो, टाकीची कटकट नाही, असं म्हणाल्या."

"कधी घेतला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "बुकिंगच्या पूजेचाही फोटो होता. त्यात वहिनींना ती हिरवी पैठणी होती. दूध घालवायला नेसून आल्या होत्या तीच. म्हणाल्या, त्या पूजेसाठीच घेतली होती, दूध घालवायच्या आदल्या दिवाळीत."

मी पुढच्या वळणावर गाडी फिरवली. ती म्हणाली, "नको हो, चला घरी." मी ऐकलं नाही.

डॉक्टरांनी सपाता घालूनच दार उघडलं. त्यांना माझा चेहरा बघून कळलं असावं. मी विचारलं, "पुण्याचा फ्लॅट आधी की माझा चर आधी?"

"आत तर या."

"दारातच सांगा."

"अहो, तुम्ही इतक्या उत्साहानं सगळं करत होतात. तुमचं मन कसं मोडायचं? आणि खरं सांगू का, रविवारी जेवण झाल्यावर माणूस बोलतो. ते सगळंच काही धरून बसायचं नसतं, कारखानदार."

"मग शंका कशाला काढल्यात? टाकी, धूर, ओव्हन?"

त्यांनी दाराची कडी उगाच वरखाली केली. मग म्हणाले, "मला वाटलं, कुठंतरी तुम्हीच कंटाळाल आणि विषय संपेल."

माझ्या तोंडून काय काय गेलं ते मी लिहीत नाही. शेजारच्या घरातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला होता. माझी बायको गाडीतच बसून होती, वहिनी दाराच्या आत. दोघींनी एकमेकींकडे बघितलं का, ते मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून रविवार बंद झाले. पुढं डॉक्टर पुण्याला गेले. उन्हाळ्यात येतात, डब्लिनमध्ये उतरतात, लोकांकडे जेवतात आणि माझ्या स्वभावाचे किस्से सांगतात.

आता घर विकावं म्हटलं तर या वर्षी, २००८ मध्ये, कुणी घर घेत नाही. एजंटनं पाटी रोवली, ती वाऱ्यानं दोनदा पडली. मी त्यालाही घासला, त्यानं कमिशन कमी केलं, पण गिऱ्हाईक कुठून आणणार? मी सकाळी वर्कशॉपला जातो, संध्याकाळी येतो. मधला दिवस ती या घरात एकटी असते, तीन रिकाम्या खोल्या आणि ती शेगडी. ती बुटकी आहे, मागच्या ओळीतल्या बर्नरवर तिचा हात नीट पोचत नाही. ते मापही सहा जणांच्या सोयीनं घेतलं होतं.

या हिवाळ्यात गॅस फार लागायला लागला. कंपनीचा ट्रक पूर्वी आला असता त्याच्या कितीतरी आधी यायचा. मला वाटलं नळी गळते आहे. गोठलेल्या जमिनीवर साबणाचं पाणी घेऊन सगळे सांधे तपासले, कुठं बुडबुडा नाही. मीटर चुकतो म्हणून कंपनीला फोन करून भांडलो. मग एका दुपारी वर्कशॉपमध्ये वीज गेली म्हणून लवकर घरी आलो. दाराशी गॅसचा ट्रक उभा होता. आत आमच्या टेबलाशी ट्रकचा ड्रायव्हर बसलेला, पिकल्या केसांचा माणूस, टोपी मांडीवर. त्याच्यापुढं चहा आणि बशीत भजी. माझी बायको इस्त्रीच्या साडीत, केस नीट विंचरलेले, त्याला तिच्या त्या अर्ध्या अर्ध्या इंग्रजीत मुलाबद्दल काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलवत होता. शेगडीवर मोठ्या पातेल्यात नुसतं पाणी खळखळत होतं.

तो गेल्यावर मी पातेल्याकडे बोट दाखवलं. "हे काय चाललंय?"

तिनं बर्नर बंद केला. "दिवसभर ठेवते."

"कशाला?"

"टाकी लवकर संपली की तो लवकर येतो ना," ती म्हणाली, आणि बशी विसळायला घेतली.

मी जन्मभर माणसासमोर उभं राहून सौदे केले. कुणी खोटं बोलतो, कुणी भाव चढवतो, ते मला नवीन नाही. त्या सगळ्याला माझ्याकडे उत्तर असतं. त्या दुपारी मी ओरडलोही नाही. कोट तसाच अंगावर ठेवून खुर्चीत बसलो.

हे डॉक्टरांच्या हाती पडेल. डब्लिनमध्ये कुणी ना कुणी त्यांना वाचून दाखवेलच. तर डॉक्टर, मला तुमचा पैसा नको, माफीही नको. मला तुमच्याशी बोलायचंच नाही. या उन्हाळ्यात तुम्ही याल तेव्हा गाडी काढा, तासाभराचा रस्ता आहे, खडी टाकलेली आहे. वर्कशॉपच्या वेळात या, म्हणजे मी घरी नसेन. तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा की यायचं नव्हतं, कधीच नव्हतं. आणि ती जे विचारेल त्याचं, तिचं अर्धं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबून, उत्तर द्या.